सवारोची शिरगणती आणि बांधावरचं अंजन

२०१० साली टूसॉनला सवारो निवडुंगांच्या शिरगणतीसाठी नाव दिलं, तेव्हा मला त्याचा उच्चारही येत नव्हता. स्पेलिंगमधला ‘जी’ गिळायचा असतो, हे पहिल्याच दिवशी गटप्रमुख बाईंनी हसत सांगितलं. ॲरिझोनात येऊन वर्ष झालं होतं. नवरा कामावर, मुलगी शाळेत, आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या हात वर केलेल्या खांबांचा मला कंटाळा आला होता. म्हटलं, मोजून तरी बघू.

सवारो नॅशनल पार्कात दर दहा वर्षांनी ही गणना होते. ठरलेले ४५ चौकोन, रांगेनं चालायचं, दिसेल त्या झाडाची उंची, फांद्या आणि जीपीएसचे आकडे लिहायचे. मोठं झाड कोणीही मोजेल. कसोटी लागते ती पिल्लांपाशी. पहिल्या आठ वर्षांत सवारो जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, तोही पालो वेर्दे नाहीतर मेस्किटच्या सावलीत, पाचोळ्यात दडून. म्हणजे काम गुडघ्यांवर, कधी पोटावर. मला पहिला सापडला तो पालो वेर्देच्या बुंध्याशी: अंगठ्याच्या पेराएवढा, राखी काट्यांचा गुंडा. मी ओरडले तशी बाई म्हणाल्या, “तुझ्या मुलीच्या वयाचा असेल.” मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती.

चोया नावाच्या निवडुंगानं त्याच दिवशी दुसरा धडा दिला. त्याचा गोळा नुसता लागला तरी तुटून पोटरीत रुततो, हातानं काढायला जावं तर हातात. खिशात कंगवा ठेवायचा, दाते खाली घालायचे आणि गोळा उडवायचा.

पुढची काही वर्षं हिवाळ्यातल्या शनिवारी टुमामॉक टेकडीवर गेली. कार्नेगी संस्थेनं १९०३ मध्ये तिथे वाळवंटाची प्रयोगशाळा काढली, आणि तिथल्या काही तुकड्यांतले सवारो शंभराहून अधिक वर्षं मोजले जाताहेत. आमचं काम मात्र मोजणीचं नव्हतं, बफेलग्रास उपटण्याचं होतं. पहिला ठोंब हातात आला आणि मी थबकले. तो शेपटीसारखा मऊ तुरा ओळखीचा होता. हे तर आमचं अंजन! माण तालुक्यात वडिलांनी बांधावर मुद्दाम लावलेलं, दुष्काळात जनावरांना तारणारं. इथेही ते चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवायलाच आणलं गेलं, बी मात्र आफ्रिकेतलं. सोनोरन वाळवंटात झाडाझाडांमध्ये मोकळी जमीन असते, त्यामुळे आग फारशी पसरत नसे. अंजन नेमकी ती जागा भरतं, वाळलं की भडकतं, आणि जळूनही पुन्हा फुटतं. सवारोला ते जमत नाही.

अवजार होतं पहार. तिथे नाव वेगळं, पण वस्तू तीच. मुळाखाली घालायची, ठोंब उचकटायचा, माती झटकायची, तुऱ्यासकट पोत्यात. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, डोकं फिरलंय का त्या लोकांचं? पोती इकडं पाठव.” त्याचं काही चुकत नव्हतं. गवतही तिथे गुन्हेगार नाही. ते त्याच्या गावात नाही, एवढंच.

२०२० हे साल मला आवडत नाही. जूनमध्ये वीज पडून कॅटालिना डोंगरांत ‘बिगहॉर्न’ नावाची आग लागली, डोंगरउतारावरचे सवारोही तिच्यात गेले. पाठोपाठ पावसाळा कोरडा गेला. तिथेही त्याला ‘मान्सून’च म्हणतात, त्या मोसमात टूसॉनला अवघा १.६२ इंच पाऊस झाला, म्हणजे ४१ मिलिमीटर. त्या वेळच्या गणनेत आमच्या चौकोनात मोठी झाडं होती तशीच होती, पण पिल्लं दिसेनात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून नवे सवारो फार थोडे रुजताहेत, हे पार्कातल्या अभ्यासकांना माहीत होतं. लांबलेल्या अवर्षणाशी ते त्याचा संबंध जोडतात. आकडा माहीत असणं वेगळं. आम्ही तीन दिवस पाचोळा उपसला आणि वहीत एकाच नव्या झाडाची ओळ लिहिली.

२०१० चा माझा अंगठा मात्र जीपीएसच्या आकड्यांवरून सापडला. वीतभर झाला होता. पहिली फांदी फुटायला सवारोची पन्नाशी, कधी पंचाहत्तरी उजाडते, तेव्हा त्याला घाई नाही. माझे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून २०३० साठी मुलीनं नाव द्यायचं कबूल केलंय. तिच्यासोबत कोणाला यायचं असेल तर जरूर यावं. कंगवा आपापला आणावा.