साथ आणि शिरगणती

साथीचा रोग जातपात पाहत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. रोगजंतूपुरते ते खरे असेल. मृत्यूचे आकडे मात्र निराळी साक्ष देतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई शहरातील मृत्यूंची जमातवार नोंद झाली. युरोपियनांत हजारी सुमारे ८, पारशांत ९, सवर्ण हिंदू व मुसलमानांत सुमारे १९. आणि त्या काळी ‘हलक्या जातीचे’ म्हणून नोंदलेल्या हिंदूंत हजारी ६१ हून अधिक! ताप एकच होता. परंतु दाटीची खोली, अपुरे अन्न आणि शुश्रूषेचा अभाव यांनी तो गरिबांस अधिक भोवला. आपला मध्य प्रांत-वऱ्हाड तर सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी होता. त्यातच त्या वर्षी पावसानेही दगा दिला.

शतकानंतर कोविड आला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत झालेल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इतर वस्तीतील अवघ्या १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. मात्र कोणत्या समाजात किती माणसे दगावली, याचा देशव्यापी हिशेब सरकारने प्रसिद्ध केला नाही. उलट एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याशी संबंधित रुग्णांचा आकडा सरकारी निवेदनांतून वेगळा सांगितला जात होता. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविले गेले असण्याची शक्यता बोलून दाखविली.

तेव्हा मोजणीने तेढ वाढेल, ही शंका निराधार म्हणता येत नाही. परंतु रोग कोणी आणला हे शोधणारी मोजणी वेगळी आणि उपचार कोणापर्यंत पोचले नाहीत हे शोधणारी वेगळी. पहिलीतून संशय वाढतो. दुसरीवाचून न्याय होत नाही.

मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरील बाळापुरात हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. येथे पुढच्या साथीत प्रत्येक मृत्यूबरोबर मोहल्ला, जात-धर्म, उपजीविका आणि डॉक्टरांपर्यंत पोचण्यास लागलेले दिवस नोंदवावेत. नावे गुप्त ठेवून केवळ एकत्रित आकडे जाहीर करावेत, आणि जेथे विलंब अधिक दिसेल तेथे अकोल्यास नेणारी रुग्णवाहिका आधी धाडावी. २०२० च्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघर गेलीच होती. म्हणजे हे काम आवाक्याबाहेरचे नाही. शिक्षक आणि कारकून यांच्याच हातून ही नोंदवही भरली जाईल. त्यांनी तिचा आग्रह आजच, साथ नसताना, धरला पाहिजे.