गुणपत्रिका, तोंडी परीक्षा आणि आपली मुले

पीएसएलई, ओ लेव्हल आणि ए लेव्हल या विषयांवर आपल्या मंडळात तज्ज्ञांची कमतरता नाही. कोणत्याही घरी चहाला जा, कोणीतरी सगळे आकडे तोंडपाठ सांगते. पण मूल एकदा विद्यापीठात गेले की आपण हुश्श करतो. "तिथे शिकवतात, परीक्षा घेतात, पदवी देतात" एवढीच आपली समजूत, आणि तीही आपल्या स्वतःच्या कॉलेजवरून झालेली. गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या विद्यापीठांत या तिन्ही कामांची घडी बदलते आहे. पालक म्हणून ती समजून घ्यायला हवी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आपल्या मनातले विद्यापीठ कुठून आले ते पाहू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवण्याचे काम कॉलेजांनी करायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर याच पद्धतीतून १८६२ साली बी. ए. झाले, तेव्हा तिला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण परीक्षा घेणारा मोठा आणि शिकवणारा धाकटा हा क्रम तेव्हापासून पक्का झाला. अपेक्षित प्रश्नसंच, गाइडे आणि शेवटच्या महिन्यातले पाठांतर ही सगळी त्याचीच पिलावळ. या पद्धतीत परीक्षेचे यंत्र बिघडले की सगळेच अडते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन् महिने लांबले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले.

सिंगापूरही परीक्षांचेच गाव. ए लेव्हल अजून केंब्रिजच्या सहकार्यानेच होते. तरी इथे बदल सुरू झाले आहेत. एनयूएसने २०१४ साली पहिल्या सत्राच्या श्रेणी एकूण सरासरीत न धरण्याची मुभा दिली आणि २०१६ पासून ती पहिल्या वर्षापर्यंत वाढवली. विद्यार्थ्याने आपली श्रेणी पाहायची आणि हवे तर तिच्या जागी केवळ 'समाधानकारक' असा शेरा घ्यायचा. कारण साधे आहे. सरासरी घसरेल या भीतीने मुले ओळखीचेच विषय घेत होती. इंजिनीअरिंगच्या मुलाने तत्त्वज्ञान घेऊन पाहावे, हा त्यामागचा हेतू. आपल्यापैकी काहींना असा शेरा पाहून धक्का बसतो. तो बसू देऊ नये.

शिकवण्याची पद्धतही बदलते आहे. एनटीयूमध्ये २०१५ साली 'द हाइव्ह' ही इमारत उभी राहिली. लोक तिला डिम सुमच्या टोपल्या म्हणतात, आम्हाला ती मोदकपात्रांच्या उतरंडीसारखी दिसते. आतल्या ५६ वर्गखोल्यांना कोपरेच नाहीत. मुले गोल टेबलांभोवती बसतात, शिक्षक त्यांच्यातून फिरतात. याच विद्यापीठाच्या ली काँग चियान वैद्यकीय विद्यालयात, ते २०१३ साली सुरू झाले तेव्हापासून, विद्यार्थी धडा घरी वाचून-पाहून येतात. वर्गात आधी प्रत्येकाची छोटी चाचणी होते, मग तेच प्रश्न गटाने चर्चा करून सोडवायचे. आपले उत्तर चुकले की बरोबर हे मित्राशी वाद घालताना कळते.

विद्यापीठ प्रवेशाचे गणितही हलके झाले आहे. २०२६ च्या प्रवेशापासून ए लेव्हलचे गुण ९० ऐवजी ७० पैकी मोजले जातात.

या सगळ्याला खरी कलाटणी दिली ती चॅटजीपीटीने. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आले आणि घरी लिहून आणायच्या निबंधाची किंमत एका रात्रीत उतरली. २०२५ साली एनटीयूमध्ये अशा साधनांच्या वापरावरून तीन विद्यार्थ्यांना एका निबंधात शून्य गुण मिळाले आणि वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. मुलाने स्वतः लिहिले की यंत्राने, हे नुसता कागद पाहून खात्रीने सांगता येत नाही. ओळखणारी यंत्रेही चुकतात, आणि चुकली तर प्रामाणिक मूल भरडले जाते.

आम्ही रसायनशास्त्राची माणसे. आम्हाला इथे आपली जुनी तोंडी परीक्षा आठवते. जर्नल नेहमीच सुबक असे, कारण ते मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेले असे. परीक्षकांना ते ठाऊक असे. ते जर्नल मिटवून विचारत, "फिनॉल्फ्थॅलीनच का घेतले? मिथिल ऑरेंज का नाही?" ज्याने ब्युरेट हातात धरून गुलाबी रंगाची वाट पाहिली, तो अडखळत का होईना उत्तर देई. ज्याने नुसते उतरवले, तो दुसऱ्या प्रश्नाला थांबे. आता जर्नल उतरवायला मित्रसुद्धा लागत नाही, एवढाच फरक.

मग सगळ्यांच्या तोंडी परीक्षा का घेत नाहीत? हिशेब करून पाहा. वर्गात ३०० मुले आणि प्रत्येकी १० मिनिटे, म्हणजे ५० तास. तेही एका विषयाला. दुसरी अडचण याहून मोठी आहे. लेखी परीक्षेत परीक्षकाला फक्त आसन क्रमांक दिसतो. आडनाव, उच्चार, कपडे दिसत नाहीत. आपल्या देशात कित्येक घरांतली पहिली पदवी या आसन क्रमांकाच्या आडोशाने मिळाली आहे. तोंडी परीक्षेत लाजाळू किंवा वेगळ्या उच्चारांचे मूल मागे पडू शकते. म्हणून आमच्या मते लेखी परीक्षा जाऊ नये, पण तिच्या जोडीला प्रत्यक्ष हाताने करणे आणि समोर बसून समजावून सांगणे यांना मानाचे स्थान मिळावे. त्यासाठी शिक्षक वाढवावे लागतील. नुसती यंत्रे घेऊन भागणार नाही.

हे विद्यापीठांचे काम झाले. घरी आपण काय करू शकतो? जेवताना "किती पडले?" ऐवजी "आज काय कळले, मला सांग बघू," असे विचारून पाहावे. रविवारी भारतात फोन लागला की मुलाने आजीला आपला प्रकल्प मराठीत समजावून द्यावा. आजीने "म्हणजे काय रे?" असे दोनदा विचारले आणि तरी सांगता आले, तर विषय समजला असे खुशाल मानावे. यात मराठीचाही सराव होतो.

आणि वाचकहो, हे फक्त मुलांपुरते नाही. स्किल्सफ्यूचर योजनेत २५ वर्षांवरील नागरिकांना २०१६ पासून ५०० डॉलरचे शिक्षणखाते मिळाले, ४० वर्षांवरील नागरिकांना २०२४ साली आणखी ४००० डॉलर. पदवी ही आता जन्मात एकदा घ्यायची गोष्ट राहिलेली नाही. उद्या आपल्यालाही कोणासमोर बसून "का?" या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.

मंडळातील विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींनी आपले अनुभव पालकांना सांगावेत, असा एक छोटा कार्यक्रम करण्याचा विचार आहे. बोलू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे कार्यकारिणीच्या कोणत्याही सदस्याकडे द्यावीत. पालकांनी प्रश्न घेऊन यावे, गुणपत्रिका घरी ठेवाव्यात!