ऑलिंपसचे देव अमेरिकेंत

ग्रीक देवांचें निवासस्थान ऑलिंपस पर्वत होय, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. हें देवस्थान कोणी उचलून न्यूयॉर्क शहरांतील एम्पायर स्टेट बिल्डिंग ह्या १०२ मजली इमारतीच्या माथ्यावर नेऊन ठेविलें तर काय होईल? ‘पर्सी जॅक्सन अँड दि ऑलिंपियन्स : दि लाइटनिंग थीफ’ हा अमेरिकन बोलपट सन २०१० सालीं निघाला, त्यांत हीच कल्पना योजिली आहे. रिक रायोर्डन ह्यांच्या २००५ सालच्या कादंबरीवरून तो घेतला असून त्याचे दिग्दर्शक ख्रिस कोलंबस हे होत. विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं तो आवडीनें पाहिला असेल. पालकांनीं बहुधा मुलांच्या आग्रहास्तव. त्यांत मूळचें कोणतें व पदरचें कोणतें, हें जाणून पाहिल्यास गोडी वाढते, म्हणून हा लेख.

कथा थोडक्यांत अशी. देवांचा राजा झ्यूस ह्याचें वज्र चोरीस जातें. संशय येतो तो त्याचा भाऊ, समुद्राधिपति पोसायडन, ह्याच्या मुलावर. हा मुलगा पर्सी न्यूयॉर्कमध्यें शाळेंत शिकत असतो, आणि आपला बाप देव आहे ह्याची त्यास वार्ताहि नसते. वज्र मुदतींत परत न आल्यास देवांत युद्ध जुंपणार. अशांत पाताळाचा स्वामी हेडीस पर्सीच्या आईस ओढून नेतो. अथीना देवीची कन्या ॲनाबेथ व बोकडाचे पाय असलेला मित्र ग्रोव्हर ह्यांस घेऊन मुलगा आईच्या शोधार्थ निघतो. चोर कोण, हें ज्यांनीं बोलपट पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं आम्ही गुप्तच ठेवतों.

पर्सी हें नांव प्राचीन वीर पर्सियस ह्याच्यावरून आलेलें आहे. मूळ पर्सियस मात्र पोसायडनचा नव्हे, झ्यूसचा पुत्र. नातवाच्या हातून तुला मरण येईल, असें भाकीत त्याच्या आजोबांस झालें होतें; म्हणून त्यांनीं आपली कन्या डॅनाई व तिचें तान्हें मूल ह्यांस पेटींत घालून समुद्रांत सोडिलें. (आपल्या कर्णाची आठवण येथें कोणास होणार नाहीं?) पेटी सेरिफॉस बेटास लागली. पुढें तेथील राजा पॉलिडेक्टीस ह्याची डॅनाईवर दृष्टि गेली. तिची इच्छा नव्हती, आणि वयांत आलेला मुलगा आड येत होता. तेव्हां त्याची ब्याद टळावी म्हणून राजानें त्यास मेड्यूसेचें डोकें आणावयास धाडिलें. केसांच्या जागीं सर्प असलेल्या ह्या राक्षसीकडे जो पाही, तो दगड होई. पर्सियसनें तिच्याकडे पाहिलेंच नाहीं; लखलखीत ढालींतील प्रतिबिंब पाहून त्यानें वार केला.

बोलपटांतील मेड्यूसा बागेंत मांडावयाच्या पुतळ्यांचें दुकान चालविते. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यास रुमाल. आणि पुतळे म्हणजे पूर्वीं आलेलीं माणसें! पर्सी गाणीं ऐकण्याच्या खिशांतील यंत्राची चकचकीत पाठ आरशासारखी धरतो आणि तींत पाहून तिला गांठतो. सबंध बोलपटांत हा प्रसंग आमच्या मतें उत्तम साधला आहे, कारण वस्तु बदलली तरी युक्ति बदललेली नाहीं.

लास व्हेगास येथील द्यूतगृहाचा प्रसंगहि असाच. होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांत लोटस नांवाचें एक फळ खाऊन (हें आपलें कमळ नव्हे) खलाशी घराची वाट विसरतात, व ओडिसियस त्यांस रडत असतांना ओढून नेऊन गलबतांत बांधून घालतो. द्यूतगृहांत तीं मुलें फुलाच्या आकाराची मिठाई खातात, नाचतात, खेळतात. आणि कांहीं दिवस उलटून गेले हें त्यांच्या ध्यानींहि येत नाहीं. नॅशव्हिल शहरांतील पार्थेनॉन तर कल्पित नाहींच. अथेन्सच्या मंदिराची ही पूर्णाकृति प्रतिकृति तेथें १८९७ च्या प्रदर्शनासाठीं उभारली गेली, व पुढें ती पक्क्या काँक्रीटमध्यें पुन्हां बांधण्यांत आली. आंत अथीनेची ४२ फूट उंच मूर्ति आहे.

हेडीसचें चित्र मात्र आम्हांस पटलें नाहीं. शिंगें, पंख आणि ज्वाळा! हा सैतान झाला, हेडीस नव्हे. ग्रीक कथांत तिघां भावांनीं चिठ्ठ्या टाकून जग वांटून घेतलें; झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि हेडीसला मृतांचें राज्य मिळालें. तो कठोर आहे, कोणास परत सोडीत नाहीं. परंतु तो कोणास पापाच्या मोहांत पाडीत नाहीं. ज्या मुलांनीं हा बोलपटच प्रथम पाहिला, त्यांच्या मनांत ही चूक घट्ट बसण्याचें भय आहे.

आतां पालकांसाठीं एक गोष्ट. पर्सीस पुस्तकांतील अक्षरें नाचतांना दिसतात; वर्गांत तो मागें पडतो. रायोर्डन हे स्वतः शिक्षक होते, आणि वाचनाची अशीच अडचण असलेल्या आपल्या मुलास निजतांना सांगण्यासाठीं त्यांनीं ही कथा रचिली. ह्या अडचणीस डिस्लेक्सिया म्हणतात. ‘तारे जमीं पर’ ह्या २००७ सालच्या हिंदी चित्रपटांतील मुलाचें दुःख तेंच. पर्सीचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठीं घडलेला आहे, म्हणून इंग्रजी त्यास जड जातें, असें बोलपटांत सांगितलें आहे. हें अर्थात् काव्य झालें. खऱ्या मुलास ग्रीकहि कठीणच जाईल. अक्षर व उच्चार ह्यांची सांगड घालण्यांत ही अडचण असते, बुद्धींत नव्हे. आणि पद्धतशीर शिकविल्यास अशीं मुलें वाचूं लागतात. ज्या घरांत अशा मुलास रोज आळशी म्हटलें जातें, त्या घरानें हा बोलपट एकत्र बसून पाहावा.

पर्सीच्या आईनें तर एका उद्धट व दुर्गंधियुक्त मनुष्याशीं संसार मांडिलेला असतो. ही बाई इतकें कां सोसते, असें मुलास सदैव वाटतें. पुढें कळतें कीं, त्या दुर्गंधीमुळें राक्षसांस मुलाचा वास लागूं नये म्हणूनच तिनें तो पत्करिला होता. शेवटीं ती त्यास घराबाहेर काढते. तो परत येतो, शीतकपाट उघडूं नये ही सूचना न जुमानतां दार उघडतो. आंत मेड्यूसेचें डोकें ठेवलेलें असतें. प्रेक्षक हंसतात. पर्सियसहि तें डोकें घेऊन सेरिफॉसला परतला होता, व त्यानें तें पॉलिडेक्टीस राजासमोर धरिलें होतें.