‘साहेब, भाकरी सोडायची का?’



गेल्या हंगामात उसाच्या नोंदी घेत गटागटांतून फिरताना एक प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की त्यावर चार ओळी लिहिणे भाग पडले. प्रश्न बेण्याचा नव्हता, हुमणीचा नव्हता, पहिल्या उचलीचाही नव्हता. ओट्यावर चहा घेता घेता घरधनी हळूच विचारायचा, “साहेब, ते लो-कार्ब म्हणतात ते खरं का? भाकरी सोडायची का?”

मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण ऊस म्हणजे साखर आणि साखर म्हणजे कर्बोदक, तेव्हा हा विषय आपल्या खात्याच्या बांधाला लागूनच आहे.

हे वारे कोठून आले याचा माग काढला तर तो बहुतेक वेळा पुण्याच्या सदाशिव पेठेत जातो. आपल्या कार्यक्षेत्रातील गावागावांतून एक-दोन मुले-मुली स्पर्धा परीक्षेच्या तयारीला तिथे आहेत. पेरूगेटपासून टिळक रस्त्यापर्यंत दर दोन इमारतींआड अभ्यासिका आणि खानावळ. कॉट बेसिसवर राहायचे, बारा-चौदा तास खुर्चीत बसायचे. वर्षभरात पोट सुटते. मग कोणीतरी सांगतो की पोळी-भात बंद कर, पनीर आणि अंडी खा. मुलगा खातो, महिन्यात चार किलो उतरतो आणि त्याच उत्साहात गावाकडे वडिलांच्या मोबाइलवर व्हिडिओ धाडतो.

ही पेठ मुळात विद्यार्थ्यांची. एके काळी गरीब मुले इथे माधुकरी मागून, वार लावून शिकली. मिळेल ती पोळी, मिळेल तो भात आणि वर आमटी. तेव्हा पोट भरण्याची चिंता होती, आज तेच पोट कमी करायला पैसे मोजले जातात. पुणेरी जेवणाची रीत पाहा. आधी भाताची मूद, त्यावर वरण-तूप-लिंबू; मग पोळ्या; शेवटी पुन्हा ताकभात. सण असला तर मध्ये मसालेभात आणि जिलबी. भाताने सुरुवात आणि भातानेच समाप्ती! खानावळीच्या साध्या थाळीचा हिशेब मी कागदावर मांडला. चार पोळ्यांची सुमारे १२० ग्रॅम कणीक, वाटीभर भाताचे ५० ग्रॅम तांदूळ, एवढ्यातूनच १२० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके जातात. बटाट्याची भाजी आणि वड्याबरोबरचा चहा वेगळा. उपवास केला तर आणखीच पंचाईत, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. शंभर ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदके, प्रथिने नावालाही नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच पडलेली नाही.

गावाकडच्या ताटाला हसण्याचे कारण मात्र नाही. ज्वारी, गहू, तांदूळ घ्या. शंभर ग्रॅम धान्यात साधारण ६५ ते ७८ ग्रॅम कर्बोदकेच असतात. ज्वारी-बाजरीत चोथा जास्त आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते, हा फायदा खरा. पण भाकरी कितीही खाल्ली तरी चालते हा समज खोटा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या मधुमेह पाहणीचे २०२३ साली जाहीर झालेले आकडे असे की, देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीच्या २०२५ मधील लेखात सांगितले आहे की आपल्या आहारातील ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि भाताऐवजी नुसती पोळी किंवा भाकरी घेतली, पण एकूण प्रमाण तेवढेच ठेवले, तर धोका कमी होताना दिसला नाही. थोडी कर्बोदके काढून त्या जागी डाळी, दूध-दही यांतील प्रथिने आली तिथे तो कमी दिसला.

हा आहार नवीन आहे असेही नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक स्थूल गृहस्थ होते, धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी पाव, साखर, बिअर, बटाटे सोडले, वजन उतरवले आणि १८६३ साली त्यावर पुस्तिका छापली. अमेरिकेत १९७२ साली डॉ. ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने तीच गोष्ट पुन्हा घरोघर नेली. त्याच १९७२ साली आपल्याकडे काय चालले होते ते जुन्या सभासदांना सांगायला नको. दुष्काळी कामावर खडी फोडून मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्लेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्यांना भाकरी सोडा म्हणणे म्हणजे अन्नाचा अपमानच वाटतो, आणि ते त्यांचे चुकत नाही.

आणखी एक घोटाळा इथेच दूर करतो. अनेकजण दीक्षित पद्धतीलाच लो-कार्ब म्हणतात. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून निघालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली ती पद्धत वेगळी आहे. दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, अधेमधे काही खायचे नाही आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. तिथे भर किती वेळा खातो यावर आहे, तर लो-कार्बमध्ये काय खातो यावर. दोन्ही एकदम सुरू करून वर गोळ्याही तशाच चालू ठेवणारे लोक मला भेटले आहेत.

आता फायदा किती, ते पाहू. कर्बोदके एकदम कमी केली की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, पण त्यातले बरेचसे पाणी असते. शरीर साखरेचा साठा पाण्यासकट धरून ठेवते, साठा मोडला की पाणी निघून जाते. त्यानंतर चरबी कमी होते, रक्तातील साखर खाली येते आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबीही उतरते. मधुमेहींवरील २३ चाचण्या एकत्र तपासून २०२१ साली काढलेला निष्कर्ष असा की, सहा महिन्यांपर्यंत या आहाराने साखर आटोक्यात येणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा चांगले होते; वर्ष होईतो तो फरक ओसरत गेला. अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१८ साली आला. कमी चरबीवाल्यांचे सरासरी ५.३ किलो आणि कमी कर्बोदकेवाल्यांचे ६ किलो वजन उतरले. फरक नगण्यच. म्हणजे काय सोडले यापेक्षा सोडलेले टिकते का, हा मुद्दा मोठा. आणि टिकणे अवघड आहे. पनीर, अंडी, बदाम यांचा खर्च सोसेल का? घर माळकरी असेल तर मांस-अंडी आलीच कुठून? चोथा कमी पडला की पोट साफ होत नाही, सुरुवातीला डोके दुखते, काहींचे वाईट कोलेस्टेरॉल वाढते.

पण खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. आपल्याच एका सभासदाने, वय पन्नाशीपुढचे, पेठेतल्या मुलाच्या सांगण्यावरून सोमवारी भाकरी-भात बंद केला. मधुमेहाची गोळी मात्र रोजच्याप्रमाणे चालू. चौथ्या रात्री उसाला दारे धरताना हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम आला, बोलणे बरळल्यासारखे झाले. शेजारच्या बांधावरचा गडी शहाणा, त्याने गुळाचा खडा आणि पाणी दिले म्हणून निभावले. रात्रीची वेळ, भरलेले पाट, एकटा माणूस. पुढचे बोलायला नको. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे जेवण गृहीत धरून दिलेली असतात. जेवण कमी आणि औषध तेवढेच, की साखर धोक्याच्या खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फारच तोडली तर रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो. म्हणून औषध चालू असलेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर-बाळंतिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये. चक्कर-घाम आला आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न ओतता गाडी काढावी.

ऊसतोड कामगारांनी तर असले प्रयोग करूच नयेत. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या, मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या माणसाची भाकरी त्याच्या अंगात जळून जाते. प्रश्न आपला आहे. मोट गेली, बैल गेले, नांगरट ट्रॅक्टरने आणि पाणी ठिबकने होते; ताट मात्र मोटेच्या काळातलेच राहिले.

उसाला नत्र जास्त झाले तर ऊस लुसलुशीत वाढतो, लोळतो, उतारा घसरतो. म्हणून कोणी युरिया शून्यावर आणत नाही. माती तपासून, हप्ते पाडून देतो. माझ्या मते इथेही तेच करावे. वर सांगितलेल्या पाहणीच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली मधुमेह आटोक्यात आणण्यासाठी जे प्रमाण काढले ते कर्बोदकांतून ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनांतून १९ ते २० टक्के ऊर्जा असे आहे. हे काही भाकरी सोडणे नव्हे. तीनच्या जागी दीड-दोन भाकरी, आणि वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकी-हुलग्याची उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी. हे सारे आपल्या रानात आणि गोठ्यात आहे. उसात हरभऱ्याचे आंतरपीक घेणाऱ्यांनी त्यातले दोन पायली घरासाठी ठेवावे, एवढेच.

आणि पहिली कात्री कुठे लावायची? एका भाकरीत साधारण ५० ग्रॅम कर्बोदके धरा. आपला चहा कपाला दोन चमचे साखरेचा, म्हणजे १० ग्रॅम. घरी, गोठ्यात, चौकात, सोसायटीत, पाहुण्याकडे असे सहा कप झाले की ६० ग्रॅम. एका भाकरीहून जास्त, आणि चोथा किंवा प्रथिने काही नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅम सांगितली. वर्षाला माणशी नऊ किलो, पाच माणसांच्या घराला ४५ किलो, तेही दिवाळीच्या फराळासकट. सभासदांनी दिवाळीची सवलतीची साखर घरी आणल्यावर पोते किती दिवसांत संपते ते एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयात नोंदवून पाहावे. गूळ घातला तरी फार फरक नाही. खनिजे थोडी असतात, पण मुख्य माल तोच. गुऱ्हाळवाल्या मित्रांनी रागावू नये.

“साहेब, साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा म्हणता?” असे विचारणारे आहेतच. देशात माणशी वर्षाला २० किलोच्या आसपास साखर खपते, त्यातला मोठा वाटा मिठाई, बिस्किटे, शीतपेये यांचा. सभासदाच्या कपातले दोन चमचे कमी झाल्याने उसाचा भाव पडणार नाही. शिवाय आपला ऊस आता केवळ साखरेवर उभा नाही. बगॅसपासून वीज होते, आणि २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. त्यात आता मक्याचा वाटा मोठा आहे हे खरे, पण तो विषय पुढच्या एखाद्या अंकात घेऊ. सभासदाचा पाय मधुमेहाने गेला तर खोडव्याची निगा कोण राखणार, हा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पेठेतल्या मुलांविषयी एवढेच. त्यांना रागावू नका. वाचतात, विचार करतात, चांगलेच आहे. खानावळीत दोन पोळ्या कमी घेऊन आमटीची एक वाटी जास्त मागायला सांगा. संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढायला सांगा, पेठेपासून लांब नाहीत. आणि एसटीने डबा धाडताना दर वेळी लाडू-चिवडाच हवा असे नाही. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, घरच्या जवसाची चटणी द्या. लाडू दिवाळीला आहेतच.