एसएमएसमधून गाणं कधी आलंच नव्हतं

नोकिया ३३१० च्या काळात चार अंकी नंबरवर कोड पाठवून ज्यांनी रिंगटोन मागवली, त्यांच्यापैकी अनेकांना अजूनही वाटतं की गाण्याचा एक तुकडा एसएमएसमध्ये बसून आपल्या फोनपर्यंत आला होता. हे शक्यच नव्हतं. एका एसएमएसमध्ये जास्तीत जास्त १४० बाइट मावतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री गाण्याचा सेकंदाचा शंभरावा भागही तेवढ्या जागेत बसत नाही.

मग यायचं काय? तर स्वरांची यादी. पेटीच्या क्लासमध्ये वहीत नोटेशन लिहून देतात, तशी. कोणता स्वर आणि किती वेळ, एवढंच त्यात असायचं. वाजवण्याचं काम फोनमधला बझर करायचा. नोकियाच्या ‘स्मार्ट मेसेजिंग’ पद्धतीत एका स्वराला १२ बिट लागत. ‘हा स्वर आहे’ हे सांगायला ३ बिट, बारांपैकी कोणता स्वर की विराम हे सांगायला ४, स्वराची लांबी सांगायला ३ आणि ती दीडपट करायची असेल तर त्यासाठी २. मेसेजच्या सुरुवातीचं सात बाइटचं हेडर वजा जाता १३३ बाइट, म्हणजे १,०६४ बिट हाती राहतात. टोनचं नाव, लय आणि सप्तक यांचा खर्च काढला तरी ऐंशीच्या आसपास स्वर एका एसएमएसमध्ये बसतात. मुखडा ओळखू यायला तेवढे भरपूर झाले. इतक्या थोड्या जागेचा इतका नेटका वापर मला आजही थक्क करतो. १९९८ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्या या ऑपरेटरने मोबाइलवर रिंगटोन विकायला सुरुवात केली, तेव्हा विकल्या जात होत्या त्या अशाच स्वरांच्या याद्या.

पुढे पॉलिफोनिक टोन आणि खऱ्या गाण्याचे तुकडे आले, तेव्हा एसएमएसचं काम आणखी कमी झालं. त्यात फक्त फाइलचा पत्ता यायचा आणि फाइल फोन इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा.

‘एसएमएस म्हणजे १६० अक्षरं’

मर्यादा अक्षरांची नाही, १४० बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला जीएसएमच्या मूळ वर्णमालेत ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० च. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातलं हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण मोजणीत चिन्हं दहा भरतात. हा शब्द मध्ये जागा न सोडता सात वेळा लिहिला की एसएमएस संपला. इंग्रजी मजकुरात एकच मराठी अक्षर टाकलं तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो. मराठीतून सूचना पाठवणाऱ्या शाळा, पतपेढ्या आणि सोसायट्यांचं बिल अपेक्षेपेक्षा जास्त येतं ते यामुळे. त्यात कोणी लबाडी केलेली नसते.

अक्षरांऐवजी थेट डेटा नेणारा बायनरी मेसेज १४० बाइट जसेच्या तसे नेतो. ते बाइट गेटवेला, म्हणजे आपला मेसेज ऑपरेटरपर्यंत नेणाऱ्या सॉफ्टवेअरला, हेक्स अंकांत लिहून दिले तर २८० अंक होतात. ‘१६० च्या वर गेलं’ म्हणून घाबरून मेसेज तोडणारे नवशिके प्रोग्रामर इथेच फसतात.

‘फाइल गेटवेला दिली की तो बघून घेतो’

हा समज सगळ्यांत महागात पडतो. गेटवेच्या एका बाजूला आपला संगणक असतो आणि दुसऱ्या बाजूला ऑपरेटरचं एसएमएस केंद्र. दोघांमध्ये बहुतेक वेळा एसएमपीपी हा प्रोटोकॉल चालतो. फिनलंडच्या वापिट कंपनीने १९९९ मध्ये सुरू केलेला कनेल हा मुक्त गेटवे हेच काम करतो. पण दिलेले बाइट रिंगटोनचे आहेत, ऑपरेटर लोगोचे आहेत की साध्या मजकुराचे, हे कोणताही गेटवे आपल्या मनाने ओळखत नाही. ते पाठवणाऱ्याने सांगायचं असतं, आणि दोन ठिकाणी सांगायचं असतं.

पहिलं म्हणजे कोडिंग. ‘हा ८ बिटचा डेटा आहे’ असं सांगितलं नाही, तर गेटवे त्याला मजकूर समजतो आणि जीएसएमच्या वर्णमालेत बसवायला जातो. त्यात बाइट बदलतात आणि फोनवर अगम्य चिन्हं उमटतात. दुसरं म्हणजे मजकुराच्या आधी जोडलेलं यूजर डेटा हेडर. नोकियाच्या रिंगटोनसाठी ते सात बाइटचं असे: ०६ ०५ ०४ १५ ८१ ०० ००. यातलं ‘१५ ८१’ म्हणजे दशमान पद्धतीत ५५०५ क्रमांकाचं पोर्ट. फोन हा क्रमांक वाचूनच ठरवायचा की हा मेसेज इनबॉक्समध्ये टाकायचा नाही, टोन वाजवणाऱ्या भागाकडे द्यायचा. शेजारचं ५५०६ ऑपरेटर लोगोचं, ९२०४ व्हिजिटिंग कार्डाचं. हेडर जोडलं आहे हे सांगणारी खूणही मेसेजमध्ये वेगळी लावावी लागते. ती राहिली तर हेच सात बाइट मजकूर म्हणून छापले जातात. बाकी सगळं अचूक असूनही टोन पोचत नाही, तेव्हा मी आधी हीच खूण तपासायला सांगेन.

आरटीटीटीएल या मजकुरी लिपीत लिहिलेली टोन तशीच पाठवून चालत नाही, आधी तिचं बायनरी रूप करावं लागतं. ते रूपही सगळ्या फोनना कळत नसे. एरिक्सन, सीमेन्स, अल्काटेल यांनी ईएमएस ही वेगळी वाट धरली होती, त्यामुळे नोकियासाठी बांधलेला मेसेज त्यांच्या हँडसेटवर वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

लांब टोन दोन-तीन मेसेजमध्ये विभागली की हेडर सातवरून बारा बाइटचं होतं आणि प्रत्येक भागात १२८ च बाइट उरतात. हे भाग स्वतंत्रपणे प्रवास करतात, मागेपुढे पोचतात. एक हरवला तर उरलेले निरुपयोगी, आणि पैसे मात्र प्रत्येक भागाचे लागतात. ‘डिलिव्हर्ड’ असा रिपोर्ट आला तरी फोनने मेसेज स्वीकारला, एवढंच कळतं. टोन सेव्ह केली की डिस्कार्ड, ते फोनवाल्यालाच माहीत.

‘रिंगटोन आणि कॉलर ट्यून एकच’

कॉलर ट्यून आपल्या फोनमध्ये नसतेच. ती ऑपरेटरच्या यंत्रणेतून, आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकवली जाते. हँडसेट बदलून ती जात नाही, ऑपरेटरकडेच बंद करावी लागते. अशा सेवा चालू करताना ग्राहकाची दोनदा संमती घेणं ट्रायने २०१३ पासून बंधनकारक केलं आहे.

‘बायनरी एसएमएस आता इतिहासजमा’

रिंगटोनचा धंदा गेला, बायनरी मेसेज राहिला. एमएमएस आल्याची वर्दी फोनला २९४८ क्रमांकाच्या पोर्टवर बायनरी एसएमएसनेच मिळते. सिम कार्डावरची माहिती ऑपरेटर दुरून बदलतो तीही याच मार्गाने. अँड्रॉइडमध्ये ठरावीक पोर्टवर डेटा एसएमएस पाठवण्याची सोय आजही आहे. आपल्याला हे मेसेज दिसत नाहीत, कारण ते आपल्यासाठी नसतात.

न दिसणारा मेसेज म्हटलं की धास्ती वाटते. ती सरसकट खरी नाही आणि सरसकट खोटीही नाही. २००८ च्या अखेरीस सुरक्षा संशोधक टोबियास एंगेल यांनी दाखवलेल्या दोषामुळे नोकियाचे अनेक स्मार्टफोन एसएमएस घेणंच थांबवत. तिथे घातक मेसेज बायनरी नव्हता, साधा मजकूर होता. उलट २०१३ मध्ये दुसरे संशोधक कार्स्टन नोल यांनी दाखवून दिलं की जुन्या डीईएस पद्धतीने सुरक्षित केलेली काही सिम कार्डं बायनरी एसएमएसने ताब्यात घेता येतात. २०१९ मध्ये उघड झालेला ‘सिमजॅकर’ हल्लाही सिमवरच होता. म्हणून फोनचे अपडेट टाळू नका, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं सिम अजून चालवत असाल तर ऑपरेटरच्या दुकानात जाऊन ते बदलून घ्या. नंबर तोच राहतो.