टँऽऽऽग! पहिल्या झंकाराचं कोडं

टँऽऽऽग!

गिटारचा एकच जोरकस झंकार. तो तीनेक सेकंद हवेत तरंगत राहतो आणि मग गाणं धावत सुटतं. लिव्हरपूलच्या चार तरुणांच्या ‘बीटल्स’ या बँडचा ‘अ हार्ड डेज नाइट’ हा अल्बम १० जुलै १९६४ रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला. त्यातलं पहिलं गाणं असं सुरू होतं. याच नावाचा त्यांचा सिनेमाही होता आणि तोही याच झंकाराने उघडतो. संगीत निर्माते जॉर्ज मार्टिन यांना अशी सुरुवात हवी होती की, ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून मान वर केली पाहिजे. मला विचाराल तर अल्बमची इतकी झकास सुरुवात फार थोड्या लोकांना साधली आहे.

गंमत म्हणजे, या झंकारात नेमके कोणते सूर आहेत यावर गिटारवाले चाळीस वर्षं वाद घालत होते. कुणी म्हणे असं वाजवा, कुणी म्हणे तसं. वाजवून पाहिलं की जवळपास जमायचं, पण हुबेहूब नाही. शेवटी ते कोडं उलगडायला पुढे आला एक गणितज्ञ! त्याच्याकडे येऊच, पण आधी तबकडी बघू या. कारण १९६४ साली लोकांनी हा अल्बम ऐकला तो काळ्या तबकडीवर, आणि तबकडीवर पहिल्या गाण्याला खास मानाची जागा असते.

सांगा बरं, तबकडीच्या एका बाजूवर किती खाचा असतात? शंभर? पाचशे? नाही, फक्त एक! बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन गोल गोल फिरत मधोमध जाणारी एकच लांबलचक खाच. वीस मिनिटांच्या एका बाजूवरची खाच उलगडून सरळ पसरली, तर ती चारशे मीटरपेक्षाही जास्त भरेल. या खाचेच्या भिंती नागमोडी असतात. सुई त्या वळणांमधून जाताना थरथरते, त्या थरथरीपासून वीज तयार होते आणि स्पीकर त्या विजेचा पुन्हा आवाज करतो.

आता थोडं गणित. मोठी एलपी तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. फेऱ्याचा वेळ सगळीकडे सारखाच. पण बाहेरच्या कडेला एक फेरा साधारण ९२ सेंटिमीटरचा असतो आणि आतल्या टोकाला जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. म्हणून पहिलं गाणं वाजताना सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटच्या गाण्याला फक्त २१!

समजा, एक बारीक, किणकिणता आवाज आहे. त्याची सेकंदाला १०,००० कंपनं आहेत. बाहेरच्या कडेला त्याच्या प्रत्येक कंपनाला ०.०५ मिलिमीटर जागा मिळते, तर आत गेल्यावर केवळ ०.०२ मिलिमीटर. तिथे वळणं इतकी दाटीवाटीने येतात की, सुईचं टोक त्यांत नीट शिरत नाही. झांजेचा किणकिणाट, ‘स’ आणि ‘श’ सारखे आवाज तिथे खरखरीत होतात. म्हणून गाण्यांचा क्रम ठरवताना जोरकस, झगमगतं गाणं पुष्कळदा बाहेरच्या कडेला ठेवत आणि शांत गाणं आत. तबकडी उलटली की दुसऱ्या बाजूलाही हीच सोय, म्हणजे एका अल्बमला दोन सुरुवाती!

१९८२ साली सीडी आली आणि सगळं उलटं झालं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पहिलं गाणं मध्याजवळ. पण सीडी आपला वेग बदलते. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, शेवटी सुमारे २००. त्यामुळे वाचणाऱ्या किरणाखालून जाणाऱ्या पट्टीचा वेग सगळीकडे सारखा राहतो आणि पहिल्या गाण्याचे खास लाड संपतात.

सुरुवात जोरातच हवी असंही नाही हं. पिंक फ्लॉइड या बँडचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ जवळजवळ शांततेतून उगवतो. कान देऊन ऐकलं की हृदयाचे ठोके ऐकू येतात. ते खऱ्या हृदयाचे नाहीत, मोठ्या ड्रमचे आहेत. पण ऐकताना आपला हात आपोआप छातीवर जातो!

चला, आता आपल्या कोड्याकडे. बीटल्सचं ते पहिलं गाणं १६ एप्रिल १९६४ रोजी लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या स्टुडिओत मुद्रित झालं. बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची कोरी रिकनबॅकर गिटार होती, फेब्रुवारीत न्यूयॉर्कला मिळालेली. या गिटारवर तारांच्या सहा जोड्या असतात. वरच्या पट्टीतल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुरात लावतात. खालच्या चार जोड्यांत मात्र जाड तारेशेजारी तिच्यापेक्षा एक सप्तक उंच लावलेली बारीक तार असते. जोडी छेडली की दोन्ही तारा एकदम वाजतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हाच पुरावा कामाला येणार आहे. खुद्द हॅरिसनने २००१ साली आपण काय वाजवलं ते सांगितलं, पण बास गिटारचा सूर कोणता ते ती वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीला विचारा म्हणाला.

२००४ साली कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक जेसन ब्राउन यांनी ठरवलं, आता कानावर विसंबायचं नाही. त्यांनी त्या झंकाराचा एक छोटा तुकडा संगणकात घातला आणि एक जुनं फ्रेंच हत्यार बाहेर काढलं.

ते हत्यार जोसेफ फूरिए यांचं. १७६८ साली जन्मलेले हे गणितज्ञ नेपोलियनबरोबर इजिप्तच्या मोहिमेवरही गेले होते. वस्तूंमधून उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आलं की, कितीही वेडीवाकडी लहर घ्या, ती अनेक साध्या, गुळगुळीत लहरींची बेरीज म्हणून मांडता येते. १८२२ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. लोलकातून पांढरा प्रकाश गेला की त्याचे रंग वेगळे होतात ना? फूरिएंचं गणित आवाजाचं तेच करतं. एका झंकारातून कोणकोणत्या वारंवारता किती जोराने वाजताहेत, ते सुटं करून दाखवतं.

ब्राउन यांच्यासमोर हजारो वारंवारतांची यादी आली. त्यातल्या बहुतेक अगदी क्षीण होत्या, म्हणून त्यांनी सर्वांत ठळक तेवढ्या ठेवल्या आणि एकेका वाद्याला वाटायला घेतल्या. ही हॅरिसनची, ही बँडमधल्याच जॉन लेननच्या गिटारची, ही मॅकार्टनीच्या बासची. पण एका ठिकाणी गाडी अडली. पाश्चात्त्य सुरांतल्या ‘एफ’ या सुराजवळ, म्हणजे १७५ हर्ट्‌झच्या आसपास, एकमेकींना खेटून तीन वारंवारता होत्या. त्या हॅरिसनच्या जाड तारेच्या म्हणाव्यात, तर तिच्या शेजारची बारीक तार एक सप्तक वर वाजायला हवी होती. ती यादीत नव्हतीच!

एका सुरासाठी तीन तारा कुठल्या वाद्यात असतात बरं? पियानोत! पियानोच्या मधल्या पट्टीतली एक कळ दाबली की, आतली हातोडी एकाच वेळी तीन तारांवर पडते. तिन्ही एकाच सुरात लावलेल्या असतात, पण अगदी तंतोतंत नाही. ब्राउन यांचा निष्कर्ष असा की, गिटारांच्या जोडीला जॉर्ज मार्टिन यांनी पियानोवर सूर धरला होता. म्हणून नुसत्या गिटारी घेऊन बसलेल्यांना तो झंकार कधी जमला नाही.

झंकारात एक लाटांसारखा चमचमाट ऐकू येतो, त्याचंही उत्तर अशा जवळजवळच्या तारांमध्ये आहे. एक तार १७५ आणि दुसरी १७६ कंपनं करत असेल, तर सेकंदातून एकदा त्या एकमेकींना साथ देतात आणि एकदा विरोध करतात, म्हणून आवाज लहान-मोठा होत राहतो. याला ‘विस्पंद’ म्हणतात. तंबोरा लावताना जोडाच्या तारा थोड्या बेसूर असल्या की हेच हेलकावे ऐकू येतात. तारा जुळत आल्या की ते संथ होतात आणि जुळल्या की थांबतात.

हा खेळ तुम्हालाही खेळता येईल. मोठ्यांना विचारून त्यांच्या फोनवर ‘फिफॉक्स’ हे जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं मोफत अ‍ॅप घ्या आणि त्यात आवाजाचा वर्णपट उघडा. आधी शिट्टी वाजवा, एकच ठळक शिखर दिसेल. मग हार्मोनियमची एक पट्टी दाबा. आता शिखरांची रांगच लागेल, पहिल्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेवर. मग तीन पट्ट्या एकदम दाबून बघा आणि शेवटी तुमच्या आवडत्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याचा पहिला सेकंद लावा. कोणतं गाणं निवडलंत आणि कुठे कुठे शिखरं दिसली, ते वहीत चितारून आम्हाला नक्की पाठवा.