चातुर्मासाचा एक नेम

आषाढ शुद्ध एकादशीस भाविक चातुर्मासाचे नेम धरतात. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो. आम्ही त्या दिवशी सिगारेट सोडली. निरूपण करताना धाप लागे आणि हाती घेतलेले पद साथीदारांना पुरे करावे लागे. व्यासपीठावरची ती लाज आम्हांस पुरेशी झाली.

पहिला आठवडा कठीण गेला. चित्त चिडखोर, झोप उडालेली. परंतु तलफ कितीही तीव्र असली तरी काही मिनिटांत ओसरते, हे ध्यानी आले. तेवढा वेळ आम्ही पाणी पिऊन विष्णुसहस्रनाम म्हणत असू.

खरी परीक्षा कार्तिकी एकादशीनंतर आली. नेमाची सांगता झाली. आता एक ओढण्यास काय हरकत, असे मन म्हणू लागले. एका रात्री पानाच्या टपरीपर्यंत गेलोही, पण रिकाम्या हाताने परतलो. दुसऱ्या दिवशी पूजेस बसलो असता जाणवले, संकल्पात आपण आजचीच तिथी उच्चारतो, उद्याची नव्हे. तेव्हापासून रोज आजच्यापुरताच नेम धरतो.

वाचकहो, आपल्या घरी कोणी हे व्यसन सोडू पाहत असेल, तर चुकल्यास त्यास हिणवू नका. वैद्यांचे साहाय्य अवश्य घ्यावे. दुसऱ्या दिवशीचा संकल्प त्याच्यासाठी मोकळाच असतो.